शेठजींचा हौद आणि बुधवारच्या मुली

शाळेची तांब्याची घागर विहिरीत पडली, तिथून हे सगळं सुरू झालं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. मी जळगावात मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. वय तेवीस. फाल्गुनअखेरचं ऊन, सकाळची शाळा, दहा वाजताच अंगाची काहिली होत होती. घागर बुडाली म्हणून शिपाई गळ आणायला गेला, तो तासभर झाला तरी आलाच नाही. मुली तहानेनं कासावीस झालेल्या. मी काठावरून डोकावले. पाणी दोन पुरुष खोल, स्वच्छ, तळाशी घागरीचा काठ चमकताना दिसत होता.

माझं माहेर तापीकाठचं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. पाच वर्षांची असताना भाऊंनी माझ्या कमरेला दोन वाळके भोपळे बांधून मला तापीत टाकलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात भोपळे सोडून टाकलं. लग्न होऊन गावात आल्यापासून मात्र चार वर्षांत मी पाण्यात पाऊलही घातलं नव्हतं. त्या क्षणी मला काय झालं कोण जाणे. मी लुगड्याचा काचा आवळला, पदर कमरेला घट्ट खोचला आणि उडी मारली.

घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्यांवर आले तेव्हा वर सगळी शाळा गोळा झाली होती. मुली उड्या मारत ओरडत होत्या. मोठ्या बाई कपाळाला हात लावून उभ्या.

"हे शोभतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

"घागर शाळेची होती, बाई," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. माझे यजमान कचेरीत कारकून होते. ते हसतच घरी आले. "आज मला सगळ्यांनी विचारलं, बायको माहेरून आणली की तापीतून धरून आणली?" ते रागावले नाहीत हे पाहून मीही हसले.

तिसऱ्या दिवशी शाळेत एक दिवाणजी आले. गावातल्या एका मोठ्या कापूसवाल्या शेठजींचे ते कारभारी. शेठजींचे आजोबा मारवाडातून आलेले, आता त्यांचा स्वतःचा, कापसातली सरकी काढायचा जिन होता. कापसाच्या हंगामात मुंबईचे, अहमदाबादचे व्यापारी बायकामुलांसह येत, महिना महिना राहत. त्यांच्यासाठी शेठजींनी गावाबाहेर बागेत एक आठ खोल्यांचा बंगला बांधला होता आणि बंगल्यामागं पोहायचा हौद. त्या हौदाबद्दल गावात काय काय ऐकलं होतं! तळाला निळ्या फरश्या आहेत म्हणे, पाणी इतकं नितळ की पडलेली सुई दिसते म्हणे. पाहिला मात्र कोणीच नव्हता. फाटकावर पाटी होती: मुक्कामाच्या पाहुण्यांखेरीज इतरांस मनाई.

"शेठाणींनी बोलावलंय," दिवाणजी म्हणाले. "तुम्हाला पोहता येतं ना?"

शेठाणी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत, हातभर बांगड्या. लग्न होऊन आल्या त्याला पंधरा वर्षं झालेली, त्यामुळं मराठी आमच्यासारखंच बोलायच्या. त्यांनी मला थेट हौदाजवळ नेलं आणि दिवाणजींना तिथून जायला सांगितलं.

"मुंबईच्या बायका येतात, पोहतात," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "परवा एक मला म्हणाली, हौद तुमचा आणि तुम्ही काठावर? मी म्हटलं, मला आवडत नाही. खोटं बोलले. मला भीती वाटते हो, बाईजी. माझ्या माहेरी, मारवाडात, एवढं पाणी कुणी जन्मात पाहिलेलं नाही. मला शिकवाल?"

मी बोलणं अर्धंच ऐकत होते. माझं लक्ष हौदाकडं होतं. निळ्या फरश्या खरंच होत्या. वर कडुनिंबाची सावली, पाण्यावर उन्हाचे तुकडे हलत होते. एका टोकाला पाणी कमरेइतकं, दुसऱ्या टोकाला माणूस बुडेल इतकं.

"आत्ता उतरू?" मी विचारलं.

त्या हसायला लागल्या. मी उतरले. पाणी मानेपर्यंत आलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, इतका आनंद झाला. हात मारत या टोकाहून त्या टोकाला गेले, वळले, परत आले, पुन्हा गेले. दम लागला तेव्हा कळलं की शेठाणी काठावर तशाच उभ्या आहेत आणि टाळ्या वाजवताहेत.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी मला फाटकात हटकलं. "बाई, तुम्ही मुक्कामाच्या पाहुण्या नाही. नियम आहे."

आतून शेठाणींचा आवाज आला, "त्या माझ्या गुरू आहेत. गुरूला कसला नियम?"

रोज दुपारी, पाहुणी मंडळी जेवून निजली की आमचा वर्ग भरायचा. मी माहेरून वाळके भोपळे मागवले होते. पहिले चार दिवस शेठाणींनी हौदाची कड सोडली नाही. पाणी छातीला लागलं की त्यांचे डोळे गरगर फिरायचे. पाचव्या दिवशी मी त्यांच्या पाठीखाली तळवा धरला आणि म्हटलं, "आभाळाकडं बघा. कडुनिंबाच्या फांद्या मोजा." त्यांनी मोजायला सुरुवात केली. सात, आठ, नऊ. मी हळूच हात काढून घेतला. चौदाव्या फांदीला त्यांच्या लक्षात आलं की माझे दोन्ही हात पाण्याबाहेर आहेत. त्या किंचाळल्या, बुडाल्या, खोकत वर आल्या आणि मला गच्च मिठी मारून ओरडल्या, "तरले! बाईजी, मी तरले!"

त्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

मला काही नको होतं. पण तोंडून निघून गेलं, "माझ्या मुलींना आणू का?"

कारण शाळेत काही लपून राहिलं नव्हतं. दुपारी बंगल्याहून परतताना माझे ओले केस, काखेत ओल्या लुगड्याचं बोचकं, वाटेत मुलींना सगळं दिसायचं. त्या मागं लागल्या होत्या. "बाई, आम्हाला कधी नेता?" रोज एकच धोशा. आणि मलाही एक गोष्ट सलत होती. आमच्याकडं मुलींचा अर्धा जन्म पाणी भरण्यात जातो. विहिरीवर वाकायचं त्यांनीच, निसरड्या पायऱ्या उतरायच्या त्यांनीच, आणि पोहायला शिकतात मुलगे. माझ्याच वर्गातली एक मुलगी आदल्या पावसाळ्यात विहिरीत पाय घसरून गेली होती. तिची पाटी अजून माझ्या कपाटात होती.

शेठाणींनी मला शेठजींपुढं नेऊन बसवलं. माणूस शांत, कमी बोलणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमचं म्हणणं चुकीचं नाही," ते म्हणाले. "पण माझी अडचण ऐका. पाहुणे इथं का येतात? चार दिवस गर्दीपासून लांब राहायला. आज तुमच्या मुली आल्या, उद्या त्यांचे भाऊ येतील, परवा आख्खं गाव येईल. मी कोणाला अडवू आणि कोणाला सोडू? पाणी घाण होईल. आणि एखादी बुडाली तर? लोक म्हणतील, शेठच्या हौदात मेली."

"बुडू नये म्हणूनच शिकवायचंय," मी म्हटलं. "आणि पाण्याचं म्हणाल, तर दर बुधवारी संध्याकाळी तुम्ही हौद रिकामा करता. ते पाणी केळीच्या बागेत सोडता. गुरुवारी इंजिन लावून नवं भरता. मग बुधवारी दुपारी माझ्या मुली त्यात उतरल्या, तर पाहुण्यांचं काय जातं? केळी काही तक्रार करणार नाहीत."

 शेठजी शेठाणींकडं बघून म्हणाले, "हे हौद रिकामा करायचं यांना कोणी सांगितलं?"

"पाटातल्या पाण्यानं," शेठाणी म्हणाल्या, आणि ते हसले.

ठरलं. बुधवारी तीन ते पाच, वीस मुली, नावांची यादी आधी दिवाणजींकडं. मी घरी चालत गेले की पळत, मला आठवत नाही.

त्या बुधवारी ऊन मी म्हणत होतं. वीस मुली दोन-दोनच्या रांगेत, परकराला काचे मारून, काखेत कोरडे कपडे. वाटेभर खिदळणं. एक जण म्हणाली, "मी तर मगरीसारखी पोहणार." दुसरी म्हणाली, "मगरीला आधी कोणी शिकवलं?" फाटकाशी दिवाणजी यादी घेऊन उभे होते. एकेक नाव वाचायचं, एकेकीला आत सोडायचं. सातव्या नावाला ते थांबले.

ती मुलगी अकरा वर्षांची. गावाबाहेरच्या वस्तीतली, आई-वडील दोघं जिनात कामाला. गणितात माझ्या वर्गात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. वर्गात ती वेगळ्या तरटावर बसायची. बसायला लागायचं. मी रुजू झाले तेव्हापासून ते तसंच होतं आणि मी ते तसंच चालू दिलं होतं. हे लिहायला आजही जड जातं.

"ही नाही," दिवाणजी म्हणाले. "बाकीच्या चला."

"का नाही?" मी विचारलं, जणू मला ठाऊकच नव्हतं.

"बाई, पाहुण्यांना कळलं तर उद्या बंगला रिकामा होईल. मी नोकर माणूस. मला बोलायला लावू नका."

ती मुलगी जागची हलली नाही. रडलीही नाही. थोडा विचार करून म्हणाली, "दिवाणजी, मी थांबते इथं. सगळ्यांचं झालं की शेवटी उतरते. त्यानंतर पाणी केळीलाच जाणार ना?"

खरं सांगायचं तर तो तोडगा मला क्षणभर बरा वाटला. वाटलं, निदान तिलाही पोहायला मिळेल, दिवस सुरळीत पार पडेल. मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तिच्या शेजारची, जिला मगरीसारखं पोहायचं होतं ती, अस्सल खानदेशीत कडाडली, "पानी काय कोना बापनं शे? हाई शेवटले, तं मी बी शेवटले!" आणि ती फाटकातच फतकल मारून बसली.

तिच्यामागं दुसरी बसली. आत गेलेल्या सहाही बाहेर आल्या आणि बसल्या. दोघी जणी तेवढ्या उभ्या राहिल्या, घाबरून. मला माझीच लाज वाटली. मी पदर खोचला आणि मुलींच्या पुढं जाऊन बसले. तापलेली धूळ लुगड्यातून चटके देत होती.

दिवाणजी घाईनं पुढं आले. "बाई, उठा. लोक बघताहेत."

"सगळ्या जाऊ, नाहीतर कोणीच नाही," मी म्हटलं.  भीतीही वाटत होती आणि आतून काहीतरी उसळतही होतं, विहिरीत उडी मारण्याआधी वाटलं होतं तसं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. आतून धावत कोणीतरी आलं. शेठाणी. डोक्यावरचा पदर पार पाठीवर गेलेला, अंगावर पोहायचं जुनं लुगडं, तेही ओलं. त्या आमची वाट बघून बघून एकट्याच पाण्यात उतरल्या होत्या. दिवाणजींनी त्यांना बाजूला नेऊन कानात सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि त्या सरळ त्या मुलीपुढं येऊन उभ्या राहिल्या.

"तुला पोहायला येतं?"

"नाही."

"मलाही नीट येत नाही. एकटी उतरले तर पाय लटपटतात. माझा हात धरशील?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं, मग समोरच्या हाताकडं. त्या हाताला हात लावायचा की नाही हे ती ठरवत होती. शेठाणींनी वाट पाहिली नाही. तिचं मनगट धरलं आणि तिला घेऊन निघाल्या. दिवाणजी बाजूला झाले. आम्ही सगळ्या उठलो आणि ज्या सुटलो त्या थेट हौदापर्यंत!

पुढचे दोन तास! लिहायला बसले तरी कानात तो गलका घुमतो. वीस मुली कमरेइतक्या पाण्यात, एकमेकींच्या तोंडावर पाण्याचे सपकारे, किंकाळ्या, नाकातोंडात पाणी, खोकणं, हसणं. भोपळे चारच होते, त्यासाठी भांडणं. उभ्या राहिलेल्या दोघी सगळ्यांत शेवटी उतरल्या आणि सगळ्यांत शेवटी बाहेर निघाल्या. मगरीसारखी पोहणारी तीन वेळा तळाशी बसली. आणि ती गणितवाली! मी तिच्या हनुवटीखाली हात धरला, तिनं पाय मारले. एकदा, दोनदा. मग म्हणाली, "बाई, पाय कधी मारायचा आणि हात कधी ओढायचा, याचा हिशेब समजला. सोडा." मी सोडलं. ती चार हात गेली. स्वतःच्या बळावर, पहिल्याच दिवशी. शेठाणींनी तिला पाण्यातून उचलून घेतलं.

माडीच्या खिडकीतून पाहुण्या बायका बघत होत्या. कोण काय म्हणालं ते मला ऐकू आलं नाही. अहमदाबादच्या एका बाई मात्र आपल्या दोन मुलींना घेऊन खाली आल्या आणि त्यांना आमच्या गलक्यात सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी एका कुटुंबानं बंगला सोडला. शेठजींनी मला बोलावून घेतलं. यावेळी ते हसत नव्हते.

"तुम्ही मला सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नव्हतंत," मी म्हटलं. "यादीत वीस नावं होती."

"आता हे बंद करावं लागेल."

शेठाणी दाराआडून बाहेर आल्या. नवऱ्याविरुद्ध परक्या माणसांदेखत त्या कधी बोलल्या नसाव्यात, कारण शेजारी उभ्या दिवाणजींनी मान खाली घातली. "माझ्या माहेरी पाण्याच्या टाक्याला कुलूप असायचं," त्या म्हणाल्या. "पाणी कमी, म्हणून कुलूप. ते मला समजतं. इथं केळीला सोडतो आपण पाणी. पुढच्या बुधवारी तुम्ही स्वतः या आणि बघा. मग बंद करा."

गावातही कमी बोललं गेलं नाही. मोठ्या बाईंकडं पालक तक्रारी घेऊन आले. पुढच्या बुधवारी वीसपैकी अकराच मुली आल्या. गणितवाली होती. मगर होती. मी मनातून खट्टू झाले होते, पण दाखवलं नाही.

शेठजी खरंच आले. कडुनिंबाखाली, हौदाकडं अर्धी पाठ करून, खुर्चीवर बसले. शेठाणींनी मला खुणावलं आणि त्या खोल टोकाला गेल्या. आजवर त्या तिथं कधी गेल्या नव्हत्या. मी ओरडायच्या आत त्यांनी पाण्यात झोकून दिलं. मी काठाकाठानं धावतेय, मुली ओरडताहेत, "हात मारा! हात मारा!" त्यांचं पोहणं काही सुंदर नव्हतं. डोकं उंच, हात वेडेवाकडे, पाणी सगळीकडं उडतंय. अर्ध्यावर त्या थांबल्यासारख्या झाल्या. मी उडी घ्यायला पदर खोचला. आणि मग मोठा आवाज आला, "चालो! चालो!" शेठजी खुर्चीवरून उठून अगदी कडेला आले होते. एक जोडा कुठं गेला त्यांना पत्ता नव्हता. शेठाणींनी दुसरं टोक धरलं तेव्हा ते गुडघ्यावर बसून त्यांना हात देत होते, आणि धोतर भिजल्याचं त्यांच्या गावीही नव्हतं.

"तुला हे कधीपासून येतं?" ते विचारत होते. शेठाणींना बोलण्याइतका दम नव्हता. त्यांनी माझ्याकडं आणि अकरा मुलींकडं बोट दाखवलं.

फाटकावरची पाटी पंधरवड्यानं बदलली. मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी, बुधवारी दुपारी गावातील सर्व मुलींसाठी. "सर्व" हा शब्द शेठाणींनी घालायला लावला, असं दिवाणजींनीच मला सांगितलं. सगळं गोड झालं असं मात्र नाही. चार मुलींना घरच्यांनी पुन्हा कधीच पाठवलं नाही. काही पाहुणे बुधवारी मुद्दाम फिरायला बाहेर जायचे. आणि वर्गातलं ते तरट मी उचललं त्यावरून शाळेत महिनाभर खडाजंगी चालली. मोठ्या बाईंनी शेवटी डोळेझाक केली, एवढंच.

पण आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आठवडा आला आणि एक नवंच घडलं. बुधवारी मी मुली घेऊन निघाले, तर फाटकाशी सात-आठ बायका उभ्या. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, त्यांच्या आया, वहिन्या. पुढं होती ती गणितवालीची आई, जिनातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेली. केसांत अजून सरकीचा कापूस अडकलेला.

"बाई," ती म्हणाली, "आमले बी शिकाडा ना."

मी दिवाणजींकडं पाहिलं. दिवाणजींनी पाटीकडं पाहिलं. पाटीवर मुली लिहिलं होतं.

"ह्या काय मुलगे शेतस का?" आमची मगर म्हणाली.

दिवाणजींनी फाटकाची दोन्ही दारं उघडली. बायकांत सगळ्यांत आधी आत शिरली ती आईच. लुगड्याचा काचा मारला, काठावर बसून पाय सोडले, थंडगार पाणी लागताच "अगो माय!" करून ओरडली आणि खदाखदा हसत सुटली. तिची लेक तोवर पाण्यात उतरली होती. तिनं आईचे दोन्ही हात धरले आणि अगदी माझ्या आवाजात बजावलं, "आभाळाकडं बघ. घाबरू नको. मी धरलंय तुला."